चौलची वाडी : अभ्यास-सहलीसाठी एक उपयुक्त ठिकाण

मुंबईपासून समुद्रमार्गे जवळ असलेले रायगड जिल्ह्यातील चौल हे गाव मंदिरे आणि किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. बागायतदार शेतकऱ्यांनी मात्र ते तेथील नारळ-सुपारीच्या वाड्यांसाठी पाहावे.

पूर्वपीठिका : कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुला' म्हणून उल्लेख असलेले हे प्राचीन बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला ठाणे केले व १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मुंबई बंदर वाढले आणि चौलचा व्यापार संपला. त्यानंतरही गावाला आधार राहिला तो वाडीचा.

कसे जावे : भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटीने किंवा गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरावे. गेटवेची लाँच पावसाळ्यात बंद असते. पुढे अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर नागावनंतर चौल लागते. रामेश्वर मंदिर व पुष्करणी पाहून दत्ताच्या टेकडीवर चढावे. तेथून वाड्यांचा पट्टा आणि समुद्र यांतील अंतर किती थोडे आहे, ते नजरेत भरते.

वाडीत काय पाहावे : माडाची बहुतेक कार्यक्षम मुळे बुंध्यापासून सुमारे २ मीटर त्रिज्येत असतात. त्यामुळे ७.५ × ७.५ मीटर अंतरावरील माडांमध्ये बरीच जागा मोकळी राहते. तिचा उपयोग कसा केला आहे, ते पाहावे. चार माडांच्या मध्यावर जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी, माडावर काळी मिरी आणि खाली अननस अशी रचना करता येते. सुपारीची लागवड २.७ × २.७ मीटर अंतरावर करावी. कोवळ्या रोपांना केळीची सावली द्यावी, अन्यथा दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाने खोड भाजते.

विहीर आधी पाहावी : वाडीचे खरे भांडवल गोडे पाणी आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी टिकते. म्हणजेच उपशाने वरची पातळी १ फूट खाली गेली आणि तशीच राहिली, तर खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर येऊ शकते. रहाटाला उपशाची मर्यादा होती, ती मोठ्या पंपाला नाही. शिवाय वाड्यांच्या जागी बंगले व बोअर वाढले की एकाच थरावर अनेकांचा भार पडतो. एकदा खारावलेली विहीर सुधारण्यास अनेक पावसाळे लागतात. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) पंप लहान ठेवावा. सलग उपसा न करता थांबून थांबून करावा.
२) ठिबक सिंचन वापरावे व आळ्यात झावळ्यांचे आच्छादन करावे.
३) छपराचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडावे.
४) एप्रिल-मेमध्ये पाण्याची क्षारता तपासून घ्यावी. पानांच्या कडा करपू लागेपर्यंत थांबू नये.

वादळाचा धडा : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावरील नारळ-सुपारीच्या बागांचे मोठे नुकसान झाले. सुपारी नव्याने लावल्यास उत्पन्नासाठी ५ ते ७ वर्षे थांबावे लागते. म्हणून समुद्राच्या बाजूस सुरू किंवा उंडीची वारारोधक ओळ लावावी. सुपारी आतल्या बाजूस घ्यावी आणि बाग एकाच पिकाची ठेवू नये.

सहलीला जाताना वाडीच्या मालकास आधी कळवावे. एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी किती खाली जाते आणि चवीत काय फरक पडतो, हे त्यांना आवर्जून विचारावे. परत आल्यावर हाच प्रश्न आपल्या विहिरीबद्दल विचारून त्याची नोंद ठेवण्यास सुरुवात करावी.