बेडकास न दुखविता पाण्याची परीक्षा

पाण्याची शुद्धता तपासण्याची साधने प्रयोगशाळेत असतात. परंतु एक साधन ओढ्याकाठीच असते. ते म्हणजे बेडूक. उभयचर प्राण्यांना विज्ञान पर्यावरणाचे निर्देशक मानते. प्रश्न असा, की या निर्देशकाचा उपयोग करण्यासाठी त्याचा जीव घेणे आवश्यक आहे काय? नेसरीचा परिसर समोर ठेवून आम्ही येथे या प्रश्नाचा विचार करीत आहोत.

प्रथम कारण पाहू. बेडकाची त्वचा पातळ व ओलसर असते. तिच्यावाटे तो पाणी शोषून घेतो आणि काही अंशी श्वसनही करतो. त्याच्या अंड्यांना कवच नसते. बालपण पाण्यात व प्रौढपण बव्हंशी जमिनीवर जात असल्याने दोन्हींकडील विषारी द्रव्ये त्याच्यापर्यंत पोचतात. अमेरिकेतील टायरोन हेज यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ॲट्राझीन या तणनाशकाचा अब्जांश ०.१ भाग पाण्यात असतानाही नर बेडकांच्या जननेंद्रियांत विकृती आढळल्या. इतर काहींच्या प्रयोगांत तसे आढळले नाही, म्हणून त्यावर मोठा वाद झाला. ॲट्राझीन हे उसाच्या पिकात वापरले जाणारे तणनाशक आहे. घटप्रभेच्या खोऱ्यातील नेसरीसारख्या ऊस-भाताच्या गावांनी हा प्रश्न दूरचा समजू नये.

मात्र अशा प्रयोगांत बेडूक मारून चिरावा लागतो. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात केलेला भेद मार्गदर्शक ठरतो. मारण्याची आवश्यकता वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. गावच्या ओढ्याची स्थिती जाणण्यासाठी बेडूक मारण्याची आवश्यकता मुळीच नाही. कान व डोळे पुरेसे आहेत.

रीत सोपी आहे. पावसाळ्यात तळे, ओढा, भातखाचर अशा ठरावीक जागा निवडाव्यात. दर आठवड्यास, सूर्यास्तानंतर ठरावीक वेळी, काठावर दहा मिनिटे शांत उभे राहावे. आवाज किती प्रकारचे आहेत ते नोंदवावे. प्रत्येक प्रकारास अंक द्यावा : एकेक बेडूक वेगळा ओळखू येत असेल तर १, काही आवाज एकमेकांत मिसळत असतील तर २, अखंड कोलाहल असेल तर ३. दिवसा अंड्यांचे पुंजके व बेडूकमासे दुरून पाहावेत. पाय कमी-अधिक असलेला बेडूक दिसल्यास छायाचित्र घ्यावे. हात लावू नये. हातावरील साबण वा डासांचे मलम त्याच्या त्वचेस अपायकारक असते. एका तळ्यातून दुसऱ्याकडे जाताना पादत्राणे धुऊन वाळवावीत, कारण बेडकांचा घातक बुरशीजन्य रोग ओल्या चिखलातूनही पसरू शकतो.

निष्कर्ष काढताना संयम हवा. बेडूक गप्प झाले म्हणजे पाणी विषारी झालेच, असे नव्हे. पावसाची ओढ, रोग, बुजविलेले तळे हीही कारणे असू शकतात. उलट, पाण्याच्या पृष्ठावर उड्या मारीत पळणारा लहान बेडूक घाण पाण्यातही तग धरतो; केवळ तोच उरला असेल तर पाणी निर्मळ म्हणता येणार नाही. म्हणून अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात आणि शंका आल्यास पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी. बेडूक इशारा देतो. पुरावा आपण शोधावयाचा असतो.

पालि वाङ्मयात या वृत्तीस आधार आहे. पावसाळ्यात भिक्खूंच्या भ्रमंतीने हिरवे गवत व बारीक जीव तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार आल्यावर वर्षावासाचा नियम झाला, असे महावग्ग सांगतो. विमानवत्थूत चंपानगरीच्या मण्डूकाची कथा आहे. धम्मदेशना ऐकत असलेला तो बेडूक गुराख्याच्या हातून मेला. विसुद्धिमग्गात असा तपशील आहे, की गुराख्याने टेकलेली काठी नकळत त्याच्या डोक्यावर आली. कथेतील देवलोक बाजूस ठेवला तरी नकळत टेकलेली काठी उरतेच. आज ती काठी शेतातून ओढ्यात उतरणाऱ्या औषधाचे रूप घेते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार सुमारे ८,००० उभयचर जातींपैकी जवळजवळ ४१ टक्के संकटात आहेत. नेसरीपासून फार दूर नसलेल्या आंबोलीतील एका भेकाची स्वतंत्र जाती म्हणून नोंद २००९ साली, म्हणजे अगदी अलीकडे झाली. जे अद्याप पुरते ओळखलेले नाही, ते गमावण्याचा संभव आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत प्रत्येक विहारातील तरुणांनी एक वही व एक ओढा निवडावा, असे आम्ही सुचवितो. ज्या ओढ्याचे पाणी बेडूक त्वचेवाटे शोषून घेतो, त्याच ओढ्याकाठी आपल्या विहिरी आहेत.