कपाशीच्या बोंडातील पेशी : रचना, प्रकार व प्रादेशिक संदर्भ

प्रस्तावना :

सजीवांच्या रचनेचा व कार्याचा मूलभूत घटक म्हणजे पेशी होय. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात पेशींचे वर्णन केले, तर श्लायडेन व श्वान यांनी 1838-39 मध्ये पेशीसिद्धांत मांडला. हा इतिहास विद्यार्थ्यांस शालेय वयापासून पाठ असतो. उदाहरणे मात्र कांद्याचा पापुद्रा व गालाच्या आतील पेशी यांपलीकडे सहसा जात नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुका हा कापूस पिकविणारा प्रदेश आहे. तेथील कपाशीच्या एका बोंडात वनस्पती, जिवाणू व प्राणी या तिन्ही प्रकारच्या पेशींचा परस्परसंबंध अभ्यासता येतो आणि शेतकऱ्याचा नफा-तोटा पेशीच्या नेमक्या कोणत्या भागावर अवलंबून आहे, हेही दाखविता येते. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

तंतू : एकच वनस्पती पेशी

रुईचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. कोवळ्या सरकीच्या बाह्यत्वचेतील साधारण चारपैकी एक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास फुगून बाहेर येते व लांब होऊ लागते. एका सरकीवर असे दहा हजारांहून अधिक तंतू असतात. या काळात केंद्रक, तंतुकणिका, अंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल ही दृश्यकेंद्रकी पेशीची अंगके तंतूत कार्यरत असतात. वाढीचा रेटा मात्र रिक्तिकेकडून येतो. पोटॅशियम व शर्करा साठवून ती पाणी ओढून घेते, फुगते आणि पातळ प्राथमिक भित्तिकेस ताणते. सुमारे तीन आठवड्यांत जेमतेम 20 मायक्रोमीटर रुंदीची ही पेशी अडीच ते तीन सेंटिमीटर लांब होते. यवतमाळ जिल्ह्यातील बहुतांश कपाशी कोरडवाहू आहे. नेमक्या याच आठवड्यांत पावसाने ताण दिल्यास रिक्तिकेचा दाब घटतो व धागा आखूड राहतो.

त्यानंतर पेशी आतील बाजूने सेल्युलोजचे थर चढविते. प्रद्रव्यपटलातील विकरसंकुले शर्करेपासून सेल्युलोज तयार करतात. बोंड फुटते तेव्हा तंतुपेशी मृत झालेली असते. पेशीद्रव्य आटते, नळी चपटी होते व तिला पीळ पडतो. हा पीळच सूत कातताना तंतूंना एकमेकांत अडकवतो. तंतूच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. हूक यांनीही बुचात मृत पेशींच्या भित्तिकाच पाहिल्या होत्या. जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळी होते तीही भित्तिकाच. प्रतवारीतील मायक्रोनेअर हे परिमाण म्हणजे तंतूचा बारीकपणा व भित्तिकेची परिपक्वता यांचा एकत्रित अंदाज होय.

जिवाणूचे जनुक, वनस्पतीचे केंद्रक

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जिवाणू आदिकेंद्रकी आहे. त्याच्या डीएनएभोवती केंद्रकपटल नसते, तंतुकणिका व लवके नसतात, रायबोझोम 70 एस प्रकारचे असतात (कपाशीच्या पेशीद्रव्यात ते 80 एस असतात) आणि भित्तिका पेप्टिडोग्लायकनची असते. बीजाणू बनविताना तो विशिष्ट कीटकांस मारक असा प्रथिनाचा स्फटिक तयार करतो. रचनेत इतके अंतर असूनही जनुकीय संकेत दोन्ही पेशींत एकच आहे. म्हणूनच थोडे फेरफार केलेले हे जनुक कपाशीच्या केंद्रकात बसविता आले. क्राय1एसी जनुक असलेल्या बीटी कपाशीस भारतात 2002 मध्ये, तर क्राय2एबी हे दुसरे जनुक जोडलेल्या वाणांस 2006 मध्ये परवानगी मिळाली.

अळीची पेशी व प्रतिकारक्षमता

प्राणी पेशीस भित्तिका नसते; बाह्य परिसराशी तिचा व्यवहार थेट प्रद्रव्यपटलामार्फत चालतो. अळीचे मर्मस्थान हेच. बीटी प्रथिन तिच्या मध्यांत्राच्या पेशींवरील कॅडेरिनसारख्या ग्राही प्रथिनांस चिकटते व पटलास छिद्रे पाडते. पाणी आत शिरून पेशी फुगते व फुटते. भित्तिका असती तर या फुगण्यास आवर बसला असता.

गुलाबी बोंडअळीने याच ठिकाणी तोड काढली. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांत कॅडेरिनचे जनुक बदललेले आढळले. ग्राहीच बिघडल्यामुळे विषास चिकटण्यास जागा उरली नाही. त्यात भारतात बीटी तंत्रज्ञान मुख्यतः संकरित वाणांतून आले. अशा झाडात जनुकाची पुष्कळदा एकच प्रत असते व अर्धसूत्री विभाजनात ती निम्म्याच जननपेशींकडे जाते. परिणामी त्या जनुकापुरता विचार केल्यास एकाच बोंडातील सुमारे चौथाई सरक्या जनुकविरहित राहतात. सरकीवर जगणाऱ्या अळीस ही सोय फार मोठी म्हणावी लागेल. 2017 च्या हंगामात विदर्भात या अळीने कपाशीचे मोठे नुकसान केले.

जिवाणूचे प्रथिन निकामी ठरले की भार रासायनिक फवारणीवर येतो. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके चेतापेशींच्या संधिस्थानी असणाऱ्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकरास निष्क्रिय करतात. बीटी प्रथिनास आवश्यक असणारे ग्राही मानवी आतड्यात नाहीत. हे विकर मात्र कीटक व मानव या दोघांतही आहे.