शेषन यांची जमा आणि उणी बाजू

मतदार ओळखपत्र हातात घेतले की टी. एन. शेषन आठवतात. पण याच शेषन यांनी १९९७ साली राष्ट्रपतिपदासाठी के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध अर्ज भरला, हे आपला समाज विसरलेला नाही. त्यांचे नाव निघाले की वस्तीत दोन तट पडतात. म्हणून दोन्ही बाजू एकदा शांतपणे मांडाव्यात, असे आम्हांला वाटते.

आधी जमेची बाजू. १५ जून १९४९ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी घटना समितीत स्वतंत्र निवडणूक आयोगाचे कलम मांडले. तेच आजचे कलम ३२४. कलम होते, पण त्याची ताकद शेषन यांनी दाखवली. डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६ ते मुख्य निवडणूक आयुक्त होते. आचारसंहिता जुनीच होती, ती त्यांनी पाळायला लावली. भोंगे, रंगवलेल्या भिंती, उमेदवारांचा खर्च यांवर वचक बसला. छायाचित्राच्या ओळखपत्राचा आग्रह त्यांनीच धरला. "तुमचे मत पडले, घरी जा" असे ऐकून केंद्रावरून परतलेल्या माणसाला या ओळखपत्राचे मोल विचारा.

आता उणी बाजू. आयोग म्हणजे आपण एकटेच, असा त्यांचा समज झाला. ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारने आणखी दोन आयुक्त नेमले. शेषन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ साली निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ लाच सांगितला होता. शेषन स्वतःच स्वतःची विभूती झाले.

आणि १९९७. नारायणन हे राजदूत, केंद्रीय मंत्री, उपराष्ट्रपती अशा पायऱ्या चढून आलेले होते. बहुतेक सर्व पक्ष त्यांच्या मागे होते. शेषन यांना शिवसेनेने पाठिंबा दिला. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले, तेव्हा राज्यात युतीचेच सरकार होते. तीन दिवसांनी, १४ जुलैला मतदान झाले. त्या आठवड्यात आमच्या मनाला काय वाटले असेल, हे सांगायला नको. नारायणन यांना ९,५६,२९० मूल्याची मते पडली, शेषन यांना ५०,६३१. पुढे १९९९ साली ते काँग्रेसतर्फे गांधीनगरला अडवाणींविरुद्ध उभे राहिले आणि पडले. हळूहळू नाव मागे पडले. १० नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

निवडणूक लढवणे हा त्यांचा हक्कच होता, तो आम्ही नाकारत नाही. लढत मात्र चुकीची होती. पण त्या एका लढतीच्या रागापायी सहा वर्षांचे काम पुसून टाकू नये. माणूस पडला तरी त्याने मजबूत केलेली संस्था आपली आहे, कारण तिचा पाया बाबासाहेबांनी घातला. बंधू-भगिनींनो, यादीत आपले नाव आहे की नाही, ते आजच पाहून घ्या.