सागरतीरीची पुष्पवृष्टी

माघ सरत आला की आपल्या घरांतून महाशिवरात्रीच्या बेलपत्रांची तजवीज सुरू होते आणि पाठोपाठ होळीचे वेध लागतात. याच सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या नगरीत कार्निव्हलचा उत्सव भरतो. मुखवटे, अवाढव्य पुतळे, वाद्यांचा कल्लोळ हे सारे त्यात असतेच. परंतु त्यातली एक मिरवणूक निव्वळ फुलांची असते. युरोपच्या प्रवासात २०२४ च्या फेब्रुवारीत ती पाहण्याचा योग आला.

तिचे नाव मात्र ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारे आहे. तिला म्हणतात ‘फुलांची लढाई’! नीसमधील कार्निव्हलचा उल्लेख १२९४ सालापासून सापडतो. त्याचे आजचे नीटस रूप १८७३ मध्ये तेथे उत्सव समिती स्थापन झाली तेव्हापासूनचे, आणि फुलांची पहिली लढाई झाली ती १८७६ मध्ये. हिवाळ्यात ऊब शोधत येणारे इंग्रज व इतर धनिक पाहुणे घोडागाड्यांतून समुद्रकाठच्या रस्त्याने जात आणि समोरून येणाऱ्या गाडीवर फुलांचे गुच्छ फेकत. त्या रस्त्याचे नावच मुळी ‘प्रोमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फेरफटक्याचा मार्ग. या प्रथेच्या जनकांत आल्फोन्स कार या साहित्यिकाचे नाव घेतले जाते. हे गृहस्थ पॅरिसची पत्रकारिता सोडून नीसला आले आणि चक्क फुलांची शेती व विक्री करू लागले.

दुपारच्या उन्हात, एका हाताला निळाशार समुद्र आणि दुसऱ्या हाताला उंच ताडांची रांग, अशा त्या मार्गावरून रथ येऊ लागले. एकेका रथावर चार-पाच हजार फुले. जरबेरा, लिली, गुलाब. आणि प्रत्येक फूल हाताने टोचून बसवलेले. वर उभ्या असलेल्या तरुणी झगमगीत वेषात फुले उधळीत होत्या आणि दुतर्फा माणसे हात उंचावून ती झेलीत होती. आपल्याकडील मंदिरांत अभिषेकानंतर तीर्थासाठी पुढे सरसावणारे हात आठवावेत, तशीच ती आर्जवी धडपड! पाऊण तास लोटला तरी कोणाचे हात खाली येईनात.

सर्वांत अधिक मागणी होती ती मिमोझाच्या डहाळ्यांना. पिवळ्याधमक, मऊ, गोल गोंड्यांचे हे फूल पाहताच ओळख पटली. हे झाड आपल्या बाभळीच्या कुळातले! मूळचे ऑस्ट्रेलियाचे, एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर आणून लावलेले आणि आता आसपासच्या डोंगरांवर रानोमाळ पसरलेले. ऐन थंडीत ते फुलते म्हणून तेथील लोकांना त्याचे अप्रूप. आपण मात्र बाभळीकडे काट्यांपलीकडे पाहत नाही. फाल्गुनात कोणी तिच्याकडे मान वर करून पाहिले आहे काय?

हे सारे डोळे भरून पाहत असताना भाविक मन एका प्रश्नापाशी अडखळत होते. ही फुले कोणाला वाहिली? रथावर देव नाही, पुढे आरती नाही. वास्तविक कार्निव्हल हा ख्रिस्ती धर्मातील व्रताचा उंबरठा होय. ईस्टरपूर्वी लेंट नावाचा चाळीस दिवसांचा उपवासकाल येतो. त्यात पूर्वी मांस वर्ज्य असे. त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. गतवर्षीच्या आशीर्वादित झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी धर्मगुरू भाविकांच्या कपाळी लावतात. विभूतीची परंपरा जपणाऱ्या आपल्या घरांना त्या राखेचा अर्थ वेगळा सांगायला नको. उद्यापासून संयम, म्हणून आज आनंद, असा कार्निव्हलचा मूळ क्रम. गोव्याचा कार्निव्हल हा क्रम पाळतो. २०२४ मध्ये तो १३ फेब्रुवारीच्या मंगळवारी संपला आणि १४ ला राखेचा बुधवार उजाडला. नीसचा उत्सव मात्र त्या वर्षी सुरूच झाला १७ फेब्रुवारीला आणि चालला ३ मार्चपर्यंत! म्हणजे उपवास लागल्यानंतर उपवासापूर्वीचा जल्लोष! पाहुण्यांची सोय आणि शाळांच्या सुट्या यांपुढे व्रताची तिथी मागे पडली.

यावर नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे कोणी समजू नये. श्रावण एक दिवसही न पाळणारी किती घरे आषाढी अमावास्येची ‘गटारी’ तेवढी न चुकता साजरी करतात, हे सर्वश्रुत आहे.

तरीही नीसची ती फुले निव्वळ उधळपट्टी होती, असे म्हणण्यास मन धजत नाही. या नगरीच्या संरक्षक संत रेपाराता. पॅलेस्टाईनमध्ये धर्मासाठी प्राण दिलेल्या या कुमारिकेचा देह नावेत ठेवून समुद्रात सोडला आणि देवदूतांच्या श्वासाने ती नाव या उपसागरात येऊन लागली, अशी आख्यायिका आहे. म्हणून या पाण्याला ‘देवदूतांचा उपसागर’ म्हणतात. जुन्या शहरात त्यांच्या नावाचे प्रमुख मंदिर आहे आणि तेथून काही पावलांवर कोर सालेयाचा प्रसिद्ध फुलबाजार. देवालयाच्या छायेत फुलबाजार, ही रचना पंढरपूरच्या वारकऱ्याला परकी वाटणार नाही.

शेवटच्या फेरीला रथांची सजावटही उतरू लागली. वरची मंडळी फुले उपटून खाली देत होती, अगदी सांगाडा दिसू लागेपर्यंत. एका वृद्धेच्या हाती काहीच आले नव्हते. शेजारच्या अनोळखी मुलाने आपल्या डहाळीचा अर्धा भाग मोडून तिला दिला. मिरवणूक सरली तेव्हा रस्त्यावर पायदळी फुले पडली असतील, या धास्तीने आम्ही जपून पाऊल टाकले. फुले जवळजवळ नव्हतीच. लोकांनी वाकून वाकून ती वेचून नेली होती, आणि परतीच्या ट्राममध्ये ज्याच्या त्याच्या कोटावर मिमोझाचे पिवळे पराग सांडले होते.