भुलेतल्या बाळाचा मेंदू काय करत असतो?

धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज असो की 2018 साली सुरू झालेलं जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, थिएटरच्या दाराशी आजीचा जीव एकाच प्रश्नात अडकलेला असतो: "डॉक्टरसाहेब, पोऱ्या उठी ना?" आत भूलतज्ज्ञाला मात्र दुसरीच काळजी. पोरगं पुरेसं झोपलंय ना? आणि भूल जास्त तर झाली नाही?

याचा सुगावा कपाळावर लागतो. तिथे एक पट्टी चिकटवली की मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपून मशीन 0 ते 100 मधला आकडा दाखवतं. टक्क जागा माणूस शंभराजवळ, भुलेतला 40 ते 60. माणसाच्या मेंदूतल्या या लहरींचा पहिला आलेख हान्स बर्गर यांनी जर्मनीत 1924 मध्ये काढला. पुढे त्यांनी पोटच्या मुलाच्या, क्लाउसच्या, मेंदूचेही आलेख घेतले.

खरी गंमत पुढेच आहे. हा आकडा बेतलाय मोठ्यांच्या आलेखांवरून, त्यामुळे तान्ह्यांच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही. प्रोपोफॉल किंवा सेव्होफ्लुरेन हे भुलेचं औषध दिलं की मोठ्यांच्या कपाळाशी सेकंदाला 8 ते 12 वेळा उसळणाऱ्या अल्फा लहरी उमटतात. बाळ साधारण 4 महिन्यांचं होईपर्यंत त्या दिसतच नाहीत! म्हणून जाणता भूलतज्ज्ञ आकडा बाजूला ठेवून थेट आलेख वाचतो. रेघ काही सेकंद सपाट, मग लहरींचा झटका, पुन्हा सपाट, असं दिसलं की समजायचं, भूल फार खोल गेली. केटामिन हे भुलेचं औषध तर आकडा उलटा वर चढवतं, मूल गाढ भुलेत असतानाही.

आणि इवल्याशा जिवाला भूल कमी लागते, असं वाटतं ना? सेव्होफ्लुरेनचं प्रमाण बापाला 2 टक्क्यांच्या आसपास पुरतं. नवजात बाळाला 3 टक्क्यांहून जास्त लागतं.

भूल उतरताना 2 ते 5 वर्षांची काही मुलं आकांत करतात, आईलाही ओळखत नाहीत. घाबरू नका, बहुतेकदा थोड्या वेळात ती निवळतात.

बुद्धीवर परिणाम होईल का? 7 देशांतल्या 722 बाळांच्या अभ्यासाचा निकाल 2019 मध्ये आला: तान्हेपणी तासाभराच्या आतली एकच भूल मिळालेल्या मुलांच्या बुद्धीत पाचव्या वर्षी फरक आढळला नाही.

आयांनो, आज्यांनो, एवढं मात्र पाळा. ऑपरेशनआधी 6 तास बिस्कीट, खिचडी, वरचं दूध बंद; अंगावरचं दूध 4 तास बंद. पोर रडलं तरी चोरून घोटभरही पाजू नका, आणि सर्दी-खोकला असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा.