मिनी (मोटारगाडी)

मिनी : एक ब्रिटिश छोटी मोटारगाडी. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीने ही गाडी २६ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आणली. ‘ऑस्टिन सेव्हन’ व ‘मॉरिस मिनी-मायनर’ अशा दोन नावांनी तिची प्रथम विक्री झाली. पुढे ‘मिनी’ हेच नाव रूढ झाले.

सुएझ पेचप्रसंगामुळे (१९५६) ब्रिटनमध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले व कमी इंधनावर चालणाऱ्या गाड्यांना मागणी आली. तेव्हा कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी चार माणसे बसू शकतील अशी लहानात लहान गाडी तयार करण्याचे काम ॲलेक इसिगोनिस (१९०६–८८) या अभिकल्पकावर सोपविले. एंजिन मात्र कंपनीकडे असलेलेच वापरावयाचे होते.

इसिगोनिस यांनी ८४८ घ. सेंमी. क्षमतेचे चार सिलिंडरांचे एंजिन आडवे बसविले, दंतचक्रपेटी त्याच्या खालच्या तेलपात्रातच ठेवली व पुढील चाकांना चालना दिली. चाके केवळ १० इंच (सु. २५ सेंमी.) व्यासाची होती. पोलादी स्प्रिंगांऐवजी ॲलेक्स मोल्टन यांनी तयार केलेले रबरी शंकू वापरल्याने आणखी जागा वाचली. परिणामी सु. ३.०५ मी. लांबीच्या या गाडीत तळाचे सु. ८० टक्के क्षेत्र प्रवासी व सामान यांना मिळाले. प्रारंभीच्या गाड्यांत पावसाचे पाणी तळाशी झिरपत असे. हा दोष नंतर दूर करण्यात आला.

जॉन कूपर यांच्या सहकार्याने १९६१ मध्ये ‘मिनी कूपर’ हा अधिक शक्तिशाली प्रकार निघाला. माँटी कार्लो रॅली ही अवघड स्पर्धा मिनीने १९६४, १९६५ व १९६७ मध्ये जिंकली. १९६६ मध्ये पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी गाड्या दिव्यांविषयीच्या नियमाच्या आधारे बाद ठरविण्यात आल्या. या वादाने गाडीची कीर्ती उलट वाढलीच.

काटकसरीपोटी जन्मलेली ही गाडी १९६० नंतरच्या दशकात लंडनच्या तरुण पिढीचे प्रतीक बनली. कामगार, गृहिणी व बीटल्स वाद्यवृंदातील गायक हे सर्वच ती वापरीत. त्यामुळे गाडीवरून मालकाची सामाजिक पायरी ओळखण्याची ब्रिटिश समाजातील सवय निदान या गाडीपुरती निरुपयोगी ठरली. वेशभूषाकार मेरी क्वांट यांनी आखूड स्कर्टला ‘मिनी’ हे नाव याच गाडीवरून दिले, असे सांगितले जाते. द इटालियन जॉब (१९६९) हा चित्रपट व मिस्टर बीन (१९९०–९५) ही दूरचित्रवाणी मालिका यांतून ती जगभर परिचित झाली. तथापि विक्रीची किंमत ५०० पौंडांहून कमी ठेवल्याने कंपनीच्या पदरी लोकप्रियतेच्या मानाने नफा फारच थोडा पडला.

आडवे एंजिन व पुढील चाकांना चालना ही मांडणी पुढे जगातील बहुसंख्य छोट्या गाड्यांत आली. भारतातील मारुती ८०० (१९८३) हीदेखील त्याच मांडणीची होती. मात्र तिची दंतचक्रपेटी एंजिनाखाली नसून त्याच्या बाजूला होती.

मूळ मिनीचे उत्पादन ४ ऑक्टोबर २००० रोजी थांबले. तोपर्यंत सु. ५३.८ लक्ष गाड्या तयार झाल्या होत्या. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने २००१ मध्ये याच नावाची नवी गाडी काढली. तिची लांबी सु. ३.६ मी., म्हणजे मूळ गाडीपेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक होती.