पटावरील डाव आणि तुटलेली जोडणी : दोष नेमका कोठे शोधावा?

३० ऑगस्ट २०२० रोजी भारत आणि रशिया यांच्यात पहिल्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा अंतिम सामना सुरू होता. पहिल्या लढतीतील सहाही डाव बरोबरीत सुटले होते. दुसऱ्या लढतीत निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचा सर्व्हरशी असलेला संपर्क तुटला. दोघांच्याही घड्याळातील वेळ संपली आणि डाव गमवावे लागले. लढत ४.५-१.५ अशी रशियाच्या बाजूने गेली.

भारताने अपील केले. त्या दिवशी जगभर इंटरनेटमध्ये बिघाड झाल्याचे स्पष्ट असल्याने जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोरकोविच यांनी दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले. नाशिकच्या विदित गुजराथी यांच्या नेतृत्वाखालील संघाला सुवर्णपदक मिळाले.

याच स्पर्धेत दोन दिवस आधी वेगळा निकाल लागला होता. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यान याची जोडणी निहाल सरीनविरुद्धच्या डावात तुटली आणि तो वेळेवर हरला. आर्मेनियाचे अपील फेटाळण्यात आले व त्या संघाने पुढील लढत खेळण्यास नकार दिला. खेळाडूने आपल्या इंटरनेट जोडणीची जबाबदारी स्वतः घ्यावी, असा स्पर्धेचा नियम होता.

पडद्यावर दोन्ही वेळा दिसले ते एकच : थिजलेला पट. निकाल मात्र वेगळे लागले. जोडणी तुटली एवढे सांगणे पुरेसे नसते, ती कोठे तुटली हे महत्त्वाचे ठरते. घरी बुद्धिबळ, ल्युडो किंवा कॅरम खेळणाऱ्या सामान्य खेळाडूलाही हेच लागू पडते.

पट घरात नसतो

समजा, लखनौच्या गोमती नगरातील एक खेळाडू नागपूरच्या खेळाडूशी बुद्धिबळ खेळत आहे. दोघांना आपापल्या पडद्यावर पट दिसतो. पण खरा पट आणि खरे घड्याळ संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असते. ब्राउझर केवळ त्याचे चित्र रेखाटतो. खेळ सुरू होताच ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एक जोडणी उघडली जाते व डाव संपेपर्यंत ती खुली राहते. प्रत्येक खेळी याच वाटेने जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पडदा थिजला तरी डाव नाहीसा होत नाही. पान पुन्हा उघडल्यास तो जेथे होता तेथेच सापडतो. दोन, पडद्यावरील घड्याळ थांबलेले दिसले तरी सर्व्हरवरील घड्याळ चालूच असते. त्या ऑलिम्पियाडमध्ये प्रत्येक खेळाडूला पंधरा मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे पाच सेकंद मिळत. अशा डावात दोन मिनिटांचा खंडही घातक ठरतो.

वेगवान इंटरनेट घेतले म्हणजे प्रश्न सुटतो, हा समज बरोबर नाही. एका खेळीचा मजकूर अगदी थोडा असतो आणि त्याला मोठा वेग लागत नाही. लागते ते सातत्य. चित्रपट पाहताना पुढचा भाग आधीच साठवलेला असल्याने क्षणभराचा खंड लक्षात येत नाही. खेळात पुढची खेळी आधी साठवता येत नाही. म्हणूनच ज्या जोडणीवर चित्रपट सुरळीत चालतो, तिच्यावर डाव अडखळू शकतो.

शोधाचा क्रम

बिघाडाची चार ठिकाणे संभवतात : ब्राउझर, घरातील वाय-फाय, सेवा पुरवठादाराची वाहिनी आणि दूरचे जाळे किंवा खेळाचे संकेतस्थळ. तपासणी जवळून दूर या क्रमाने करावी.

सर्वप्रथम पान एकदा पुन्हा उघडावे. पुन्हापुन्हा कळ दाबल्याने प्रत्येक वेळी जोडणी नव्याने सुरू होते आणि वेळ वाया जातो. त्यानंतर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे.

इतर संकेतस्थळे उघडतात, पण खेळ चालत नाही, असे असल्यास संशय आधी ब्राउझरवर घ्यावा. खेळ खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, उघडावा. तेथे तो चालला तर दोष बहुधा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या पूरक प्रणालीत किंवा साठलेल्या जुन्या कुकीजमध्ये असतो. जाहिराती रोखणाऱ्या प्रणाली कधीकधी खेळाची जोडणीही अडवतात. अशा वेळी त्या संकेतस्थळापुरती ती प्रणाली बंद करावी आणि कुकीज पुसाव्यात.

संगणकाची तारीख व वेळ चुकीची असल्यास सुरक्षा प्रमाणपत्र अमान्य ठरते आणि पान उघडत नाही. खेळाचे पान मागे ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये काम केल्यास अनेक ब्राउझर वीज व स्मृती वाचविण्यासाठी मागच्या पानाचे काम मंदावतात. त्यामुळे डाव सुरू असताना त्याचे पान समोरच ठेवावे. फ्लॅश तंत्रावर बेतलेले जुने खेळ मात्र यांपैकी कोणत्याही उपायाने चालणार नाहीत. अ‍ॅडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबविला.

एकही संकेतस्थळ उघडत नसेल, तर त्याच वाय-फायवरील दुसरा फोन तपासावा. फोनवर इंटरनेट चालत असल्यास दोष संगणकाचा आहे. दोन्हीकडे चालत नसल्यास राउटरचे स्वतःचे पान उघडून पाहावे. त्याचा पत्ता बहुधा राउटरच्या मागील बाजूस छापलेला असतो. हे पान उघडले तर घरातील वाय-फाय ठीक आहे आणि तक्रार सेवा पुरवठादाराकडे करायला हवी.

जोडणी पूर्ण तुटत नाही, पण सतत अडखळते, हा प्रकार सदनिकांच्या वसाहतींत विशेष आढळतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात अडथळा आणते. राउटरजवळ बसून ५ गिगाहर्ट्झ पट्टा निवडणे हा एक उपाय आहे. संगणक तारेने राउटरला जोडणे हा त्याहून खात्रीचा.

दोष दूरवर असेल तेव्हा

घरातील वाय-फायवर खेळ उघडत नाही आणि मोबाईलच्या इंटरनेटवरही तोच अनुभव येतो, तर दोष बहुधा घराबाहेर, संकेतस्थळाकडे किंवा वाटेतील जाळ्यात असतो. पडद्यावर ५२२ सारखा त्रुटी क्रमांक दिसल्यास हे अधिक स्पष्ट होते. क्लाउडफ्लेअर ही कंपनी अनेक संकेतस्थळे आणि त्यांचे वाचक यांच्यामधील मध्यस्थाचे काम करते. तिला संकेतस्थळाच्या मूळ सर्व्हरपर्यंत वेळेत पोहोचता आले नाही, असा त्या क्रमांकाचा अर्थ असतो.

३० ऑगस्ट २०२० रोजी घडले ते असेच. भारतीय वेळेनुसार दुपारी साडेतीनच्या सुमारास अमेरिकेतील सेंच्युरीलिंक या मोठ्या दूरसंचार कंपनीच्या जाळ्यात बिघाड झाला. नको असलेली वाहतूक रोखण्यासाठी दिलेल्या एका सदोष आज्ञेमुळे, माहितीचे मार्ग ठरविणाऱ्या राउटरांचा परस्परांतील संवादच बंद पडला. बिघाड सुमारे पाच तास राहिला. त्या काळात जगातील इंटरनेट वाहतूक ३.५ टक्क्यांनी घटल्याची नोंद क्लाउडफ्लेअरने केली. एवढ्या दूरच्या दोषावर खेळाडूच्या घरात कोणताही उपाय नव्हता.

अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात वेळ दवडण्यापेक्षा पुरावा जपणे हिताचे ठरते. जोडणी तुटल्याची नेमकी वेळ, पडद्याचे छायाचित्र, त्रुटी क्रमांक आणि दुसऱ्या जोडणीवर आलेला अनुभव यांची नोंद ठेवावी. स्पर्धेत पंचांना त्याच क्षणी कळवावे.

डावाआधीची तयारी

महत्त्वाच्या डावाआधी काही गोष्टी सहज करता येतात. मोबाईलचा हॉटस्पॉट संगणकाशी एकदा जोडून पाहावा, म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधावा लागत नाही. इन्व्हर्टर असल्यास राउटरही त्यावर ठेवावा. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. ब्राउझर व संगणकाची अद्ययावतने आदल्या दिवशीच उरकावीत. स्पर्धेचा जोडणीविषयीचा नियमही आधी वाचावा, कारण घरातील दोषाची जबाबदारी बहुतेक ठिकाणी खेळाडूवरच असते.

दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताब मिळविला. तो सामना प्रत्यक्ष पटावर झाला. तेथे घड्याळ समोर होते आणि ते थांबले की चालू आहे हे दोघींनाही दिसत होते. ऑनलाइन खेळात ती खात्री नसते. डाव जिंकण्याइतकीच जोडणी जपण्याची तयारी तेथे आवश्यक ठरते.